शब्द बदललाय

“तो शब्द नाही,” जाळीच्या आतून प्राप्ती म्हणाली.

माझी बायको जाळीबाहेरच्या पायरीवर वाकून उभी होती. मोरपंखी रेशमी साडी, केसात मोगरा, आणि एवढं नटूनथटूनही गळ्यात ती जुनी शिट्टी. तिने इकडेतिकडे पाहिलं, हातानेच मला मागे सरकायला लावलं, तोंड जाळीला लावलं आणि तोच शब्द पुन्हा पुटपुटला. प्राप्तीने पुन्हा मान हलवली. सात वर्षांची पोर. दोन वेण्यांना अबोलीचे गजरे, पायात नवे बूट. निघायची सगळी तयारी झालेली, फक्त निघायला ती तयार नव्हती.

“शब्द बदललाय,” ती म्हणाली, तेही बुटांकडे बघत.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजता ठाण्यात माझ्या बायकोचा सत्कार होता आणि आम्ही कळव्याच्या कोळीवाड्यात एका दारात अडकून पडलो होतो. मधे अंतर म्हणाल तर खाडीवरचा पूल तेवढा. गल्लीच्या तोंडाशी गणूची रिक्षा उभी होती. विठ्ठलवाडीहून खास दिवसभरासाठी ठरवलेली. गणू अधूनमधून हॉर्न वाजवून आपण अजून जिवंत आहोत एवढं कळवत होता.

मी भगवान उबाळे. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. आता निवृत्त आहे, म्हणजे बायको सांगेल ते काम करतो. बायकोचं नाव स्वप्ना. कल्याण पूर्वेच्या एका शाळेत ती पी.टी. शिकवायची. सगळी विठ्ठलवाडी तिला उबाळेबाई म्हणते, त्यामुळे मीही बाईच म्हणायला लागलो. घरात वेगळं नाव कशाला लक्षात ठेवा. आणि एकदा बाई म्हटलं की मागून ‘त्या’ आपोआप येतं.

बाईंच्या शाळेत एक मुलगी होती. कबड्डीत तरबेज. ती अचानक घरी जायच्या वेळी पोटात दुखतं म्हणायला लागली. सगळ्यांनी तिला ओवा खायला दिला. बाईंनी मात्र तिला रोज शेजारी बसवून घेतलं आणि काही विचारलं नाही. एक दिवस ती आपणहून बोलली. मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरला पोलीस घेऊन गेले, पुढचं सगळं रीतसर झालं. मुलगी आता बँकेत आहे, दिवाळीला घरी येते. पण बाईंच्या मनातून ते गेलं नाही. आपण पोरांना हो म्हणायचं तेवढं शिकवतो, असं त्या म्हणत राहिल्या. काकांना नमस्कार कर, मावशीला पापी दे, मोठ्यांचं ऐक. नाही कसं म्हणायचं, आणि कुणी नाही ऐकलं नाही तर कुणाला जाऊन सांगायचं, हे कुठल्या तासाला शिकवतात?

मग त्यांनी तो तास स्वतःच सुरू केला. रविवारी सकाळी, आमच्या घराजवळच्या विहाराच्या हॉलमध्ये. पहिला प्रयोग अर्थातच घरी झाला. आमचा मुलगा सम्यक तेव्हा पाच वर्षांचा. माझे थोरले भाऊ आले आणि सवयीप्रमाणे त्याला जवळ ओढून गालाचा मुका घ्यायला गेले. सम्यक दोन पावलं मागे सरकला, म्हणाला, “मला नको. हात मिळवू या.” भाऊंना त्याचा इतका राग आला की पुढची दोन वर्षं त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही. मला तेव्हा बायकोचाच राग आला होता, हे खोटं कशाला बोलू. पण भाऊंना स्वतःची नात झाली आणि एके दिवशी तिला घेऊन तेच विहाराच्या दारात उभे राहिले. बाईंनी सतरंजीवर नातीला जागा करून दिली आणि भाऊंना चहा.

विहारातून तास डोंबिवलीच्या दोन सोसायट्यांत गेला आणि तिथून कळव्याला. कळव्याला तो नेला दिपिकाने. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन कोळीवाड्यात गेलेली, रुग्णालयात नर्स. प्राप्ती तिची मुलगी.

कोळीवाड्यात बाईंना शिकवणं थोडं बदलावं लागलं. मुलांना फसवायला माणसं काय काय बोलतात हे त्या सांगायला लागल्या, तर दर्शन नावाचा एक पोरगा ओरडला, “बाई, म्हणजे गळ टाकतात ना?” बाईंना तो शब्द इतका आवडला की तेव्हापासून सगळीकडे तोच. खाऊ दाखवला, गळ. तुझ्या आईनेच मला पाठवलंय, गळ. चल चल, उशीर होतोय, विचार करायला वेळ नाही, हा तर मोठ्यातला गळ. बाई वर्गात माणसांची सोंगं करून ही वाक्यं म्हणत आणि सगळी पोरं एका सुरात “गळ!” म्हणून ओरडत. डोंबिवलीच्या सोसायटीतली, आयुष्यात मासा फक्त ताटात बघितलेली पोरंसुद्धा.

आणि मग घरचा शब्द. प्रत्येक घराने एक शब्द ठरवायचा, फक्त घरातल्यांना माहीत असलेला. शाळेतून, शिकवणीतून मुलाला न्यायला कुणी आलं तर मुलाने शब्द विचारायचा. शब्द आला तर जायचं, नाही आला तर देव आला तरी जायचं नाही. हे सांगून बाईंनी कोळीवाड्याला आठवडाभर दिला. पुढच्या रविवारी, तपासून घ्यायला म्हणून, एकेका घराने बाईंच्या कानात शब्द सांगितला, तर निम्म्याहून जास्त घरांचा शब्द एकच. चिंबोरी. बाईंनी कपाळाला हात लावला. माशाचं, खेकड्याचं, कसलंही खाडीतलं नाव नको, म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्या घरांचे शब्द वेगवेगळे होते. बाई खूश. तास संपल्यावर आम्ही खाडीवर फिरायला गेलो, तर ते सगळेच्या सगळे शब्द किनाऱ्यावर ओळीने लिहिलेले. प्रत्येकाने आपल्या होडीचं नाव ठेवलं होतं, आणि होडीचं नाव नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं. बाई तिथेच एका उपड्या होडीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

तिसऱ्या खेपेला जमलं. त्याच दिवशी त्यांनी नियमात एक ओळ वाढवली. शब्द चुकून बाहेर फुटला तर त्याच दिवशी बदलायचा. आणि अलीकडे त्या आणखी एक सांगू लागल्या होत्या. फोनवर आईचा आवाज आला, आईचं तोंड दिसलं, तरी शब्द विचारायचा. हल्ली आवाज आणि तोंडं दोन्ही खोटी करता येतात.

प्राप्ती या तासाला पहिल्या दिवसापासून यायची आणि पहिल्या दिवसापासून गप्प. ही पोर कुणालाच नाही म्हणत नसे. शेजारची मुलं तिची सायकल घेऊन जात, ही बघत उभी राही. कुणी दुसऱ्यांदा भात वाढला तर पोट दुखेपर्यंत खाई. वर्गात सगळे ताठ उभे राहून “नाही! मी येणार नाही! मी घरी सांगेन!” असं ओरडत तेव्हा हिचे नुसते ओठ हलत. बाई तिला काही म्हणत नसत. तास संपला की तिच्या शेजारी बसून शेंगदाणे खात. मला ती गोष्ट ओळखीची वाटायची.

तर अशा या बाईंना ठाण्यातल्या एका संस्थेचं पत्र आलं. मुलांना स्वतःला जपायला शिकवणाऱ्या उत्तम प्रशिक्षकांचा सन्मान, प्रमुख पाहुणे वगैरे, आणि प्रत्येक प्रशिक्षकाने आपला एक विद्यार्थी बरोबर आणावा, तो मंचावर काहीतरी करून दाखवेल. मी म्हटलं, दर्शनला घेऊ. पोरगा एकदा ओरडला तर पंखे थांबतील. बाई म्हणाल्या, प्राप्ती. मी म्हटलं, अगं, तिथे ती तोंड उघडणार नाही, तुझी शोभा होईल. बाई म्हणाल्या, “दर्शनला शिकवायला मी कशाला लागते? तो जन्मतःच ओरडत आलाय.”

तीस-बत्तीस वर्षं ही बाई उन्हात उभी राहून पोरांना शिकवत आली. शाळेच्या गॅदरिंगला हार गणिताच्या बाईंना, इंग्रजीच्या सरांना. पी.टी.च्या बाईंनी खुर्च्या लावायच्या. तेव्हा खरं सांगतो, तो सत्कार तिच्यापेक्षा मला जास्त हवा होता. मी नवा शर्ट शिवला. विठ्ठलवाडीत जो भेटेल त्याला सांगितलं. बाईंना मंचावर, खुर्चीत बसलेलं, दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या खुर्चीत बसलेलं मला एकदा बघायचं होतं.

आणि आता ही जाळी.

दिपिका कालपासून ड्यूटीवर होती. जाताना तिने बाईंना फोनवर रीतसर शब्द सांगून ठेवला होता. प्राप्तीने बाईंबरोबर यायचं म्हणून तिची आजी आवडाबाई सकाळी तिला रसिकाच्या घरी सोडून कोळीवाड्यातल्या बायका-पोरांबरोबर टेम्पोने पुढे गेली होती. रसिका ही शिकवणी घेणारी कॉलेजातली मुलगी, जाळी तिच्याच घराची. आम्ही येऊन शब्द सांगायचा आणि प्राप्तीला न्यायचं, इतकं सोपं ठरलेलं. तो शब्दच चालेना.

बाईंनी दिपिकाला व्हिडिओवर बोलावलं. ती वॉर्डातून धावत बाहेर आली, मास्क खाली ओढून म्हणाली की अगं सोन्या, बाई आल्यात, जा. प्राप्तीने फोनमधल्या आईकडे नीट पाहिलं आणि शब्द विचारला. दिपिकाने तोंडाशी हात धरून सांगितला. तोच जुना.

“तो बदललाय, मम्मी,” प्राप्ती म्हणाली. “तुला माहीत नाही.”

दिपिकाला खरंच माहीत नव्हतं. बदलला कुणी, कधी, का, हे प्राप्ती फोनवर सांगेना. बाप जयेश ऐरोलीच्या कंपनीत, तिथे फोन गेटवर जमा करून घेतात. आवडाबाईंचा फोन बंद. दिपिकाला वॉर्डातून हाक आली आणि ती गेली.

मग बाईंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्या पायरीवर टेकल्या, पर्स उघडली आणि आतून चिक्की काढली. “बघ, तुझ्या आवडीची आणलीय,” त्या म्हणाल्या. प्राप्तीने हात मागे घेतले. “मम्मीनेच सांगितलंय ना आत्ता? तुझ्यासमोरच सांगितलं.” प्राप्ती गप्प. “तू माझी शहाणी मुलगी ना? चल, उशीर होतोय, बाळा. आजच्या दिवस. कुणाला कळणार पण नाही.”

प्राप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही हातांनी तिने जाळीचे गज पकडले. आवाज थरथरत होता, पण तो होता, आणि मला चार हातांवर स्पष्ट ऐकू आला.

“बाई, हे सगळे गळ आहेत. मी येणार नाही.”

बाईंचा चिक्की धरलेला हात तसाच राहिला. मी त्यांचं तोंड बघत होतो. आधी त्या पार ओशाळल्या. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर जे हसू पसरलं, तसं सम्यक पहिलं पाऊल टाकून पडला तेव्हा पाहिलेलं होतं.

रसिकाला बिचारीला काय करावं कळेना. ती आतून म्हणू लागली, अगं जा ना, बाईच आहेत, त्यांनीच तर शिकवलंय सगळं, असं काय करतेस. तिने प्राप्तीच्या खांद्याला धरून तिला दाराकडे वळवलंसुद्धा. तशी बाईंनी शिट्टी वाजवली. कबड्डीच्या मैदानावर वाजवायच्या तशी, लांब. रसिकाचा हात आपोआप सुटला.

“तिला हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या. “तिने नाही म्हटलंय.”

मी पुढे झालो. आता माझाही पारा चढला होता. बाईंना बाजूला घेऊन म्हटलं की पोरगी रसिकाकडे आहे, सुखरूप आहे, आपण दोघं निघू. दर्शन तिथे गेलेलाच आहे, त्याला उभं कर. तुझ्या आयुष्यात हा दिवस एकदा आलाय.

“आणि तिच्या?” बाई म्हणाल्या. “अहो, जन्मात पहिल्यांदा ती कुणाला नाही म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर मी पाठ फिरवून चालू पडले, तर तिला काय वाटेल? नाही म्हटलं की माणूस जातं, असंच ना? मग ती पुन्हा म्हणेल कधी?”

मी पुन्हा घड्याळ पाहिलं. संसारात असे प्रसंग मला नवे नाहीत.

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “आवडाबाई तिथेच असतील, त्यांना शोधा. पुरस्कार तुमच्या हातात दिला तर घ्या, नाही दिला तर भांडू नका.” आणि रेशमी साडी सावरून, त्या खाडीच्या वासाच्या गल्लीत, जाळीला पाठ टेकून पायरीवर बसल्या. निघताना मागे वळून पाहिलं तर प्राप्ती आतून जाळीला पाठ लावून बसली होती. चिक्की मात्र बाईंनी पर्समध्ये ठेवून दिली होती, आणि दोघी शेंगदाणे खात होत्या. ते रसिकाने दिलेले.

गणूने पुलावरून रिक्षा हाणली ती हाणली. सभागृहाच्या दारात मी कोण, कुठला, हे सांगेपर्यंत माईकवरून नाव पुकारलं गेलंच, श्रीमती स्वप्ना उबाळे. एका कार्यकर्त्याने मला दंडाला धरून जिना चढवला आणि मी एकदम उजेडात उभा. समोर गच्च भरलेलं सभागृह. विठ्ठलवाडीची, डोंबिवलीची, कळव्याची पोरं मधल्या रांगांत. पाहुण्या म्हणून आलेल्या वयस्क बाईंच्या हातात सन्मानचिन्ह. त्यांनी माझ्या मिशांकडे बघून हसत विचारलं की स्वप्नाताई कुठे आहेत.

मला भाषण येत नाही. कारखान्यात निरोपाच्या वेळी मी आभारी आहे एवढं बोलून खाली बसलो होतो. पण माईक तोंडासमोर आला आणि मी घडलं ते सांगितलं. शब्द कसा चुकला, आईचा फोन कसा चालला नाही, बाईंनी एकामागून एक गळ कसे टाकले आणि सात वर्षांच्या पोरीने ते कसे ओळखले. सभागृह आधी हसलं. मग मी सांगितलं की बाई तिथेच पायरीवर बसल्यात, कारण पोरीने नाही म्हटलंय आणि नाही म्हटल्यावर मोठ्या माणसाने सोडून जायचं नसतं. तेव्हा कुणी हसलं नाही. पाहुण्या बाईंनी सन्मानचिन्ह छातीशी धरलं होतं, ते तसंच धरून त्या उभ्या राहिल्या.

इतक्यात दुसऱ्या रांगेत हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी उठली. आवडाबाई. शिस्तीत फोन बंद करून बसलेली, कारण सुरुवातीला तशी सूचना झाली होती.

“अगो बाय, मीच इसरले,” तिने कपाळावर हात मारला. अख्ख्या मासळी बाजाराला पुरणारा तो आवाज, तिला माईक लागत नाही. काल संध्याकाळी कोळंबी विकता विकता ती गिऱ्हाइकापाशी नातीचं कौतुक करत बसली होती, उद्या माझी नात स्टेजवर चढणार म्हणून, आणि त्या भरात घरचा शब्द तोंडातून निसटला. प्राप्ती शेजारीच बसलेली. तिने तिथल्या तिथे आजीला शब्द बदलायला लावला. दिपिकाला कळवायचं आजीवर होतं, आणि आजी कोळंबीच्या नादात ते विसरली.

“आता काय,” आवडाबाई मला म्हणाली, “मी तुला सांगते तो नवा शब्द, तू जा नि सांग. त्यो शब्द हाय—”

“आजी, नको!”

आधी दर्शनचा आवाज आला. मग कळव्याच्या सगळ्या पोरांचा, मग विठ्ठलवाडीच्या, मग डोंबिवलीच्या. शंभरेक पोरं खुर्च्यांवर उभी राहून एका सुरात ओरडली, “नको! मोठ्याने नाही सांगायचा!” छपरावरची धूळ पडली असेल. आवडाबाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आणि मग सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. कितीतरी वेळ. मी त्या टाळ्यांत सन्मानचिन्ह हातात घेऊन उभा होतो, नाकातून पाणी गळत होतं, आणि मनात एवढंच होतं की हे ऐकायला ती इथे हवी होती. खुर्ची होती. पहिल्या रांगेत, नाव लिहिलेली, रिकामी.

परत येताना रिक्षात आवडाबाई माझ्या शेजारी बसली होती. पुलावर मी हळूच म्हटलं, आता इथे कुणी नाही, मला सांगा शब्द. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खाडीकडे तोंड फिरवलं.

गल्लीत शिरलो तर दोघी तशाच पाठीला पाठ लावून बसलेल्या, मधे जाळी. बाई काहीतरी सांगत होत्या आणि प्राप्ती चक्क हसत होती. आजीला बघून ती उठली, जाळीशी आली आणि म्हणाली, “शब्द?”

आवडाबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गणूकडे. मग ती बाईंच्या जवळ गेली आणि बाईंच्या कानाशी लागली.

“मीनी हिला सांगला,” ती नातीला म्हणाली. “आता ही घरातलीच. तिचे तोंडशी आयक.”

बाई उठल्या. पाय आखडले होते, त्यांनी गजाचा आधार घेतला. जाळीला तोंड लावून शब्द सांगितला. आतून कडी निघाली.

प्राप्ती बाहेर आली. “बाई, तुम्ही रागावलात?” तिने विचारलं. बाई नाही म्हणाल्या. “कार्यक्रम संपला?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. संपला होता. प्राप्तीचा चेहरा पडला. “मग मी कुठे म्हणून दाखवू? मी पाठ केलेलं.”

बाईंनी तिच्यापुढे हात धरला आणि थांबल्या. तिने विचार करून तो हातात घेतला. मग आम्ही सगळे खाडीवर गेलो. बाई, प्राप्ती, आवडाबाई, रसिका, मी आणि गणूसुद्धा. ओहोटी होती. बाईंनी चपला माझ्याकडे दिल्या, रेशमी साडी घोट्याच्या वर धरून चिखलातून चालत गेल्या आणि पोरीला एका उपड्या होडीवर चढवलं. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या.

प्राप्ती त्या होडीवर ताठ उभी राहिली. पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले. दुसऱ्यांदा तिने श्वास घेतला, आणि खाडीवर, पुलावर, समोरच्या ठाण्यापर्यंत ऐकू जावं तशी ती ओरडली, “नाही! मी येणार नाही! मी घरी सांगेन!”

चिखलातले बगळे उडाले. आवडाबाई टाळ्या वाजवायला लागली, रसिका वाजवायला लागली. मी चपला आणि सन्मानचिन्ह एका काखेत मारून वाजवायला लागलो.

तो शब्द मला अजून माहीत नाही. मी अधूनमधून विचारतो. बाई चहा देतात आणि विषय बदलतात. सन्मानचिन्ह कपाटावर आहे, त्या समारंभाच्या फोटोत मी आहे, माझा नवा शर्ट आहे. बाईंचा त्या दिवसाचा फोटो कुणीच काढला नाही. पण मला त्या दिसतात. खाडीच्या चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतलेले, एका हातात साडीच्या निऱ्या, दुसऱ्या हाताने शिट्टी घट्ट धरलेली. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा त्या वाजवत नव्हत्या. त्या मान वर करून ऐकत होत्या.